वाट आणि आठवण
प्रस्तावना

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले, अठरावे १९ जूनला. समोर बसलेल्या सत्याग्रही कैद्यांमध्ये साने गुरुजी होते आणि ऐकता ऐकताच ते सगळे उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे दोन स्मरणशक्तींच्या जोरावर उभे राहिले. विनोबांजवळ वर्षानुवर्षांच्या चिंतनात मुरलेली गीता होती; कुठला श्लोक कधी आणि कुठे बसून पाठ केला, हे आठवण्याची त्यांना गरज नव्हती. साने गुरुजींना मात्र क्षणापूर्वी कानावर पडलेले वाक्य विरून जाण्याआधी कागदावर धरायचे होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात याच साने गुरुजींनी पाच रात्रींत 'श्यामची आई' लिहून काढली. अंमळनेरच्या शाळेत शिकवलेला हा माणूस कोठडीत बसून कोकणातले पालगड, तिथले घर, तिथली आई जशीच्या तशी समोर आणत होता. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे उलटली होती.

त्याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी शेतात आणि जात्यावर ओव्या रचत होत्या. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. रचायचे तेही मनात आणि ठेवायचे तेही मनातच. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या आप्तांनी त्यातले काही वेळोवेळी लिहून घेतले. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. जे कुणी लिहून घेतले नव्हते, ते त्यांच्याबरोबरच गेले.

मुरलेले ज्ञान, नुकतेच ऐकलेले वाक्य, एका दिवसाची आणि एका जागेची आठवण, एका ओळीमागून दुसरी ओळ आणणारा क्रम. बोलताना या सगळ्याला आपण एकच स्मरणशक्ती म्हणतो. मेंदूत मात्र यांची कामे वेगवेगळी वाटलेली आहेत, आणि तरीही ती एकमेकांत गुंतलेली आहेत. ही वाटणी कशी झाली, ती शास्त्रज्ञांना कशी कळली आणि त्याच यंत्रणेवर आपण वाट कशी शोधतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यातले शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. आठवणे आणि वाट सापडणे ही दोन कामे मेंदू बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी, एकाच जोडणीतून करतो. हे ज्याला उमगले त्याला या विषयाची किल्ली मिळाली असे मी समजतो.

स्मृती म्हटले की आपल्या मनात चित्र येते ते कणगीचे. धान्य भरावे, लागेल तसे काढावे, उंदीर लागला तर कमी व्हावे. गेल्या सत्तर वर्षांच्या संशोधनाने हे चित्र मोडीत काढले. आठवण एका जागी साठलेली नसते. ती मेंदूच्या दोन भागांच्या देवाणघेवाणीतून दर वेळी नव्याने उभी राहते. एक भाग म्हणजे कॉर्टेक्स, मेंदूचा सुरकुत्यांचा बाहेरचा थर. पाहिलेले, ऐकलेले, हाताला लागलेले, शब्द, चेहरे हे सगळे तिथे वेगवेगळ्या प्रदेशांत हाताळले जाते. दुसरा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी दडलेली ही वळलेली जोडी माणसाच्या करंगळीएवढीही नसते. ती स्वतः चेहरा पाहत नाही की आवाज ऐकत नाही. कॉर्टेक्सच्या निरनिराळ्या प्रदेशांत एकाच क्षणी जे घडले, त्यांची एकमेकांशी गाठ मारून ठेवणे हे तिचे काम.

या दोघांमध्ये एक दार आहे, त्याचे नाव एंटोरायनल कॉर्टेक्स. कॉर्टेक्सकडून येणारी बहुतेक माहिती या दारातून आत शिरते. तिथून ती डेंटेट गायरस नावाच्या पट्टीत जाते, पुढे सीए-३, मग सीए-१ आणि सबिक्युलम करत फिरून पुन्हा त्याच दाराच्या खालच्या थरांत येते आणि कॉर्टेक्सकडे परतते. स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींची चित्रे काढली, तेव्हाच या वर्तुळाचा अंदाज आला होता. काम काय, ते कळायला पुढे अर्धे शतक जावे लागले.

या वर्तुळातल्या दोन थांब्यांची कामे खानदेशी वाचकाला लगेच पटतील. जळगावच्या पिंप्राळ्यात किंवा मेहरुणला बारागाड्या ओढल्या जातात. दर वर्षी तोच रस्ता, तीच गर्दी, तोच गुलाल. तरी ज्या वर्षी पाऊस आला ते वर्ष आणि ज्या वर्षी बहिणीचे लग्न ठरले ते वर्ष आपल्या मनात वेगळे राहते. जवळजवळ सारख्या दोन अनुभवांना मिसळू न देता वेगळे ठेवणे हे मुख्यतः डेंटेट गायरसचे काम मानले जाते. सीए-३ चे काम नेमके उलटे. तिथल्या पेशी आपसात दाट जोडलेल्या असतात, म्हणून आठवणीचा एक तुकडा हाती आला तरी उरलेली सगळी उभी राहते. हिवाळ्यात शेताच्या बांधावर काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की ज्याचे वडील आता नाहीत त्याला भरिताची एक जुनी रात्र, कळण्याची भाकरी, वडिलांचा आवाज सगळेच परत मिळते. वासाचा मार्ग एंटोरायनल कॉर्टेक्सच्या फारच जवळचा आहे, हेही त्यामागचे एक कारण.

आता इतिहासाकडे. या शास्त्रात एका रुग्णाला जे स्थान आहे, तसे वैद्यकाच्या दुसऱ्या कुठल्या शाखेत एका माणसाला क्वचितच असेल. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला हेन्री मोलेसन. त्याला अपस्माराचे झटके इतके येत की काम करणे अशक्य झाले होते. १९५३ साली, त्याच्या वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस आणि भोवतालचा भाग मोठ्या प्रमाणात काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्या दिवसानंतर भेटलेला माणूस, वाचलेले पान, खाल्लेले जेवण काही मिनिटांतच त्याच्या मनातून पुसले जाऊ लागले. मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याची बारकाईने तपासणी केली आणि १९५७ मध्ये स्कोव्हिल यांच्यासह तो निबंध प्रसिद्ध केला. २००८ मध्ये वारेपर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, मोलेसन संशोधकांना सामोरा जात राहिला, आणि दर वेळी त्याला ती पहिलीच भेट वाटत असे. नाव गुप्त ठेवण्यासाठी शास्त्रीय लेखनात त्याची फक्त आद्याक्षरे येत. खरे नाव जगाला त्याच्या मृत्यूनंतर कळले.

मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला सांगितली. रोज त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केले आहे याची त्याला गंधवार्ता नव्हती. हाताचे कसब आणि घटनेची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतके स्वच्छ यापूर्वी दिसले नव्हते. त्याहूनही मला विचारात पाडते ती दुसरी गोष्ट. शस्त्रक्रियेनंतर तो ज्या घरात राहायला गेला, त्या घराचा आराखडा तो बरोबर काढू शकत असे. वर्षानुवर्षे रोज त्याच खोल्यांतून चालल्यामुळे, हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या उरलेल्या भागांनी आणि कॉर्टेक्सने तो नकाशा सावकाश आत्मसात केला असावा. जे इतर माणसे एका फेरीत शिकतात, ते त्याला हजारो फेऱ्यांनी मिळाले.

यावरूनच या क्षेत्रातला पहिला मोठा वाद उभा राहिला. मोलेसनला बालपणीचे बरेच काही आठवत होते. म्हणून लॅरी स्क्वायर आणि त्यांच्या मताच्या संशोधकांनी मांडले की हिप्पोकॅम्पस ही आठवणीची तात्पुरती वस्ती आहे; काही वर्षांत आठवण कॉर्टेक्सकडे सोपवली जाते आणि हिप्पोकॅम्पसची गरज संपते. १९९७ मध्ये लिन नॅडेल आणि मॉरिस मॉस्कोविच यांनी त्याला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की सार, अर्थ, सर्वसाधारण ज्ञान कॉर्टेक्समध्ये जाते हे खरे. पण एखादा प्रसंग त्याच्या जागेसकट, उजेडासकट, बोललेल्या शब्दांसकट पुन्हा जगायचा असेल तर कितीही वर्षांनी हिप्पोकॅम्पस लागतोच. मोलेसनच्या बालपणीच्या आठवणी तपासल्या तेव्हा त्यात माहिती होती, पण असे जिवंत प्रसंग फारच थोडे निघाले. विनोबांची गीता आणि श्यामची आई या दोहोंतला फरक समजून घ्यायला हा वाद फार उपयोगी पडतो. एका ठिकाणी अर्थ उरला आहे आणि तो कॉर्टेक्सचा ऐवज आहे. दुसऱ्या ठिकाणी एक अंगण, एक संध्याकाळ, आईचे एक वाक्य अजून सुटे सुटे जिवंत आहे. माझा स्वतःचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. हे पुस्तक मात्र दोन्ही बाजूंचे पुरावे मांडते आणि ते योग्यच आहे.

दुसरी परंपरा उंदरांपासून सुरू झाली. १९४८ मध्ये बर्कलेच्या एडवर्ड टोलमन यांनी दाखवून दिले की भुलभुलैयात सोडलेला उंदीर नुसती वळणे पाठ करत नाही, तो जागेचा मनोमन नकाशा तयार करतो. नेहमीची वाट बंद केली तर तो आडवाट काढतो. त्या काळच्या मानसशास्त्राला हे पचले नाही. १९७१ मध्ये लंडनच्या जॉन ओकीफ आणि त्यांचा विद्यार्थी जोनाथन डॉस्ट्रॉव्हस्की यांना मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या की ज्या उंदीर ठरावीक जागी आला की उद्दीपित होत आणि तिथून हलला की गप्प बसत. या स्थानपेशी. एक पेशी एका कोपऱ्यासाठी, दुसरी दाराजवळच्या जागेसाठी, आणि सगळ्या मिळून त्या खोलीचा नकाशा. १९८४ मध्ये जेम्स रँक यांनी दिशापेशी जाहीर केल्या. डोके एका दिशेला वळले की यातली एक पेशी बोलते, मग प्राणी खोलीत कुठेही असो. आणि २००५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांच्या गटाने एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे त्याच दारात, जाळीपेशी शोधल्या. एकच पेशी एका जागी नव्हे, तर जमिनीवर समान अंतराने पसरलेल्या अनेक जागी उद्दीपित होते, आणि त्या जागा जोडल्या तर समभुज त्रिकोणांची जाळी दिसते. २०१४ चे वैद्यकाचे नोबेल ओकीफ आणि मोसर पती-पत्नी यांना मिळाले ते या शोधांसाठी.

धुळ्याच्या वाचकाला इथे आपल्या गावाची आठवण होईल. १८१९ नंतर कॅप्टन ब्रिग्ज यांनी वसवलेल्या पेठेतल्या सरळ रांगा आणि क्रमांकांच्या गल्ल्या आजही पत्त्यात लिहिल्या जातात. पण मेंदूतली जाळी अशा रस्त्यांवरून घेतलेली नाही. रिकाम्या, भिंतींखेरीज काहीही नसलेल्या चौकातही ती उमटते. प्राणी किती पावले आणि कोणत्या दिशेला चालला, याचा हिशेब ती आतल्या आत ठेवते. जुन्या धुळ्याची वेडीवाकडी बोळे आणि पेठेतली सरळ गल्ली, दोन्हींवर मेंदू तीच जाळी पसरतो.

तो हिशेब चुकतो तेव्हा काय होते, हे आपल्याकडे शेतकऱ्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत, ढगाळ रात्री, माणूस आपल्याच शेताभोवती फिरत राहतो, विहीर भलत्या बाजूला दिसते, पूर्व पश्चिम होते. त्याला चकवा लागला म्हणतात. २००९ मध्ये यान सौमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीच्या जंगलात आणि सहारा वाळवंटात माणसांना सरळ चालायला सांगून त्यांचा माग ठेवला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढगांनी झाकल्यावर मात्र लोक गोल फिरले, आणि आपण सरळच जातो आहोत याची त्यांना खात्री होती. डोळे बांधले तर काहींचे वर्तुळ अवघ्या वीस मीटरांपर्यंत आले. प्रयोगशाळेत उंदराभोवतीची खूण फिरवली की दिशापेशी, स्थानपेशी आणि जाळीपेशी बहुधा सगळ्या एकदम, एकमेकींना धरून फिरतात. नकाशा मोडत नाही, अख्खा वळतो. चकव्यात सापडलेला माणूस गोंधळलेला नसतो, चुकीच्या दिशेबद्दल तो ठाम असतो, याचे उत्तर मला इथे दिसते. केळीच्या सारख्या रांगांत खुणा नाहीत, आकाश नाही, आणि आतला हिशेब दुरुस्त करायला काहीच नाही. हे अनुमान आहे, शेतात जाऊन कुणाच्या पेशी मोजलेल्या नाहीत, पण ते अनुभवाशी जुळते.

खानदेश हा चालणाऱ्यांचा मुलूख. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून पश्चिमेला वाहणारी तापी. एवढ्या मोठ्या खुणा असल्यावर दिशा धरायला सोपी जाते. मुक्ताईची पालखी कोथळी-मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिन्याभराहून जास्त चालते. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघणारी माणसे, साक्रीकडचे मेंढरे घेऊन हिंडणारे ठेलारी, सातपुड्यातले पावरा आणि भिल्ल यांच्या बोलण्यात वाट अंतराने येत नाही, मुक्कामांनी येते. अमुक विहिरीनंतर अमुक वड, मग नाला, मग देऊळ. हा क्रम आणि ओवीतल्या ओळींचा क्रम मेंदूच्या दृष्टीने किती जवळचा आहे, यावर या पुस्तकातला सर्वांत रंगलेला भाग आहे.

कारण स्मृतीवाले आणि नकाशावाले असे दोन पक्ष फार काळ वेगळे राहिले. एकांच्या मते हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींची गाठ मारणारा अवयव, दुसऱ्यांच्या मते जागेचा नकाशा. ओकीफ आणि नॅडेल यांच्या १९७८ च्या ग्रंथाने जागा हीच पायाची गोष्ट मानली. बोस्टनचे हॉवर्ड आयकेनबॉम आयुष्यभर उलट बाजूने भांडले. त्यांच्या मते संबंध जोडणे हे मूळ काम आणि जागा हा त्यातला एक प्रकार. त्यांच्याच आणि इतर प्रयोगशाळांत पुढे अशा पेशी सापडल्या की ज्या प्राणी एका जागी थांबून वाट पाहत असताना एकामागून एक ठरावीक क्षणी बोलतात. २०१७ मध्ये प्रिन्स्टनच्या दिमित्री अरोनोव आणि डेव्हिड टँक यांच्या गटाने उंदरांना एक दांडी दाबून स्वर हळूहळू चढवायला शिकवले. उंदीर जागचा हलला नाही, पण हिप्पोकॅम्पस आणि एंटोरायनल कॉर्टेक्समधल्या पेशी स्वराच्या ठरावीक उंचीला उद्दीपित झाल्या, जणू तो सुरांच्या वाटेवर चालत होता. आज बहुतेकांचे मत या बाजूला झुकते की वाट शोधण्यासाठी घडलेली ही जोडणी उत्क्रांतीत इतर क्रमांसाठी आणि संबंधांसाठीही वापरात आली. दोन्ही पक्षांना आपापले अर्धे सत्य मिळाले.

झोपेचा विषय यातूनच निघतो. १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांना आढळले की दिवसा वाटेवर एकत्र बोललेल्या स्थानपेशी नंतरच्या झोपेतही एकत्र बोलतात. पुढच्या अभ्यासांत तो क्रम वेगाने, काही वेळा उलटाही, घोकला जाताना दिसला. १९९५ मध्ये मॅकक्लेलंड, मॅकनॉटन आणि ओ'रायली यांनी याचे कारण सुचवले. एका झटक्यात शिकणारी यंत्रणा आणि सावकाश शिकणारी यंत्रणा वेगळ्या असल्या पाहिजेत, नाहीतर नवे शिकताना जुने पुसले जाईल. हिप्पोकॅम्पस पटकन धरतो आणि झोपेत कॉर्टेक्सला पुन्हापुन्हा ऐकवतो. कॉर्टेक्स ते हळूहळू आपल्या जुन्या ज्ञानात बसवतो. परीक्षेच्या तयारीत रात्रभर जागणाऱ्या मुलांनी आणि त्यांना जागवणाऱ्या पालकांनी हा भाग जरूर वाचावा.

भारतातले काम या चित्रात कडेला नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले सचिन देशमुख यांनी अमेरिकेत जेम्स निअरिम यांच्याबरोबर केलेल्या कामातून एंटोरायनल कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी वस्तूंची दखल कशी घेतात हे स्पष्ट झाले. आतली बाजू 'कुठे' सांगते, बाहेरची 'काय' सांगते, आणि दोन्ही हिप्पोकॅम्पसमध्ये भेटतात. बेंगळुरूच्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने दाखवले की दीर्घ ताणाखाली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात आणि भीतीशी निगडित अमिग्डालामधल्या फांद्या मात्र वाढतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य सेरोटोनिन, ताण आणि हिप्पोकॅम्पसमधल्या नव्या पेशींवर काम करतात. कर्जाच्या घोरात असलेला शेतकरी 'डोकं काम करत नाही' म्हणतो, तेव्हा उंदरावरचा निष्कर्ष जसाच्या तसा त्याला लावता येणार नाही. पण त्याचे म्हणणे शब्दशः खरे असू शकते, एवढे गांभीर्य तरी आपण त्याला द्यायला हवे.

एका अभ्यासाचा उल्लेख मात्र थोडा थांबून करतो. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. २००० मध्ये एलिनॉर मॅग्वायर यांनी दाखवले की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आहे. २०१६ मध्ये जेम्स हार्ट्झेल, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या नंदिनी चटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी वेदपाठी पंडितांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. लहानपणापासून हजारो शब्दांची संहिता मुखोद्गत केलेल्या या पंडितांच्या कॉर्टेक्सच्या अनेक भागांत ठळक वाढ आढळली, आणि हिप्पोकॅम्पसमधले फरक वाट शोधण्यात तरबेज असलेल्यांमध्ये पूर्वी दिसलेल्या फरकांशी जुळणारे निघाले. शब्दांची वाट आणि रस्त्यांची वाट यांचे नाते इतक्या थेटपणे दाखवणारा पुरावा मी तरी दुसरा पाहिलेला नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्यात तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारल्याची त्यात नोंद आहे. ते ग्रंथ, गणिताचे असूनही, पद्यात आहेत. ज्ञान पायऱ्यापायऱ्यांनी चालत मुखात बसवायचे, ही आपल्याकडची जुनी शिस्त, आणि तिच्या मेंदूतल्या पायाबद्दल आता काही ठोस बोलता येते.

मग आजच हे पुस्तक का? पहिले कारण घराघरातले. १९९१ मध्ये हाइको आणि एफा ब्राक यांनी अल्झायमरच्या मेंदूंचे टप्पे लावले तेव्हा दिसले की टाऊ प्रथिनाचे गुंते कॉर्टेक्समध्ये सर्वप्रथम एंटोरायनल भागाच्या परिसरात, त्या दारातच, दिसू लागतात. म्हणून या आजाराच्या आरंभी नव्या गोष्टी टिकत नाहीत, आणि ओळखीच्या रस्त्यावर माणूस चुकू लागतो. आपल्याकडे अशी आजी शेजारच्या गल्लीत सापडते, तिला घरी आणले जाते, आणि 'म्हातारपणी असं व्हायचंच' म्हणून विषय संपतो. मुले पुण्याला, मुंबईला, सुरतेला. घरी दोन वृद्ध. ओळखीच्या जागी वाट चुकणे हे डॉक्टरकडे नेण्याचे लक्षण आहे, एवढी एक गोष्ट या पुस्तकामुळे शंभर घरांत पोचली तरी त्याचे छापणे सार्थकी लागले असे मी म्हणेन. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथल्या तरुण डॉक्टरांना रुग्णाच्या नातेवाइकांशी याविषयी मराठीत बोलता यावे, हीही अपेक्षा आहे.

दुसरे कारण बाजाराचे. स्मरणशक्ती तिप्पट करणारे वर्ग, मुलांच्या मेंदूसाठीची पावडर, 'दोन्ही मेंदू' जागे करणारी शिबिरे यांचे फलक प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना उत्तर रागाने देता येत नाही, माहितीने देता येते. ज्याला कळले की सवय, झोप, अर्थ लावणे आणि वेळ देऊन केलेली उजळणी याच गोष्टी मेंदूच्या या जोडणीला मानवतात, तो त्या फलकापाशी फार वेळ थांबत नाही. मोबाइलच्या नकाशाचा प्रश्नही इथलाच. यंत्राने दाखवलेल्या बाणामागून चालताना आपण आतला नकाशा कमी वापरतो, हे दाखवणारे अभ्यास आहेत. त्यामुळे हिप्पोकॅम्पस झिजतो असे म्हणण्याइतका पुरावा माझ्या मते अजून नाही, आणि हे पुस्तकही तशी भीती घालत नाही.

पुस्तकाची रीत थोडक्यात सांगतो. ते विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचे नाही, पण सोपे करण्याच्या नादात खोटेही होत नाही. पेशींची नावे, प्रयोगांची रचना, मतभेद सगळे आहेत. माणसावरचा पुरावा आणि प्राण्यांवरचा पुरावा प्रत्येक ठिकाणी वेगळा सांगितला आहे. मराठीतल्या लोकप्रिय विज्ञानलेखनात ही शिस्त नेहमी पाळली जात नाही. माणसाच्या प्रौढ मेंदूत हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जन्मतात का, यावर २०१८ पासून पुन्हा जोरात वाद चालू आहे, आणि पुस्तक तो वाद मिटल्याचे सोंग आणत नाही. उदाहरणे इथलीच आहेत. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला वर्गात लगेच वापरता येतील असे काही प्रयोगही आहेत: डोळे बांधून मैदानात सरळ चालणे, आरशात पाहून चांदणी गिरवणे, घर ते शाळा हा रस्ता खुणांशिवाय आणि खुणांसह सांगणे. ज्याला पेशींच्या वर्तुळाचा भाग जड वाटेल त्याने आधी चालण्याचे आणि विसरण्याचे भाग वाचावेत आणि मग मागे यावे. तसे वाचले तरी धागा तुटत नाही.

एक काम पुस्तकाबाहेर उरते, आणि ते कुणीतरी अंगावर घ्यावे म्हणून ते इथे लिहितो. जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संकलन पुण्याच्या ग्यी पोएत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी उभे केले, त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत. खानदेशातही अशा बाया अजून आहेत, ऐंशीच्या पुढच्या, ज्यांना कानबाईची गाणी, लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या तासन् तास येतात, पण मधूनच थांबवून विचारले तर पुढची ओळ सापडत नाही आणि पुन्हा सुरुवातीपासून गायला लागते. नुसते शब्द उतरवून हे हाती येत नाही. कोणती ओळ कशावरून आठवली, कुठल्या घरात, कोणाच्या बरोबर ती शिकली, कुठे अडकली, जात्याचा खुंटा हातात दिला तर काय बदलले, हे सगळे आवाजासकट नोंदवले पाहिजे. त्याच भेटीत त्यांना माहेरची वाट सांगायला सांगावी, पायी जात होत्या तेव्हाची. विद्यापीठातले मराठीचे विद्यार्थी आणि वैद्यकीय महाविद्यालयातले विद्यार्थी यांनी मिळून एका तालुक्यापासून सुरुवात करावी. साधा ध्वनिमुद्रक आणि ऐकून घेणारा माणूस एवढेच लागेल. हे काम येत्या आखाजीपासून सुरू व्हावे. सासुरवाशिणी तेव्हा माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात आणि गाणी आपोआप निघतात.